माइनक्राफ्ट सर्व्हरचा वेब नकाशा स्वतःच्या डोमेनवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा छोटा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी आहे. खेळाडू पाच असोत की पन्नास, एक दिवस कोणीतरी विचारतंच, "आपली दुनिया ब्राउझरमध्ये दिसेल का?" आमच्या सर्व्हरवर रायगडाचं बांधकाम चालू आहे, त्यामुळे खालची बरीच उदाहरणं तिथलीच आहेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतात: नकाशा हा खेळाचा भाग नाही, ती एक स्वतंत्र वेबसाइट आहे. तिला वेबसाइटचेच नियम लागू होतात आणि तिची काळजीही वेबसाइटसारखीच घ्यावी लागते.

कोणता प्लगिन घ्यावा: डायनमॅप, ब्लूमॅप की स्क्वेअरमॅप?

तिन्ही प्लगिन दुनियेचा वेब नकाशा बनवतात. तुमच्या दुनियेत काय आहे त्यावर ठरवा.

डायनमॅप यातला सर्वांत जुना, 2011 पासूनचा. तो वरून किंवा तिरप्या कोनातून चित्रं काढून ठेवतो आणि ब्राउझर ती चित्रं जोडून दाखवतो. सेटिंग भरपूर आहेत, जुन्या सर्व्हरवर तोच आढळतो आणि इतर प्लगिनशी त्याचं चांगलं जमतं. मात्र पूर्ण रेंडर करताना, म्हणजे सगळ्या दुनियेची चित्रं काढताना, वेळ आणि डिस्क दोन्ही खातो.

स्क्वेअरमॅप सपाट नकाशा दाखवतो, खेळातल्या कागदी नकाशासारखा. तो हलका आणि झटपट आहे. मोठी सर्व्हायवल दुनिया असेल आणि "कोण कुठे आहे, रस्ता कुठे जातो" एवढंच हवं असेल, तर माझं मत यालाच.

ब्लूमॅप दुनिया त्रिमितीत उभी करतो. ब्राउझरमध्ये तुम्ही ती फिरवू शकता, खाली उतरून तटबंदीच्या बाजूने जाऊ शकता. बांधकामाला उंची असेल तर दुसरा विचार करू नका. रायगडाचा महादरवाजा वरून बघितला तर दोन बुरुजांची टोकं दिसतात, बाकी काही नाही. त्याची वळणदार वाट आणि बुरुजांची उंची कळायला समोरून बघावं लागतं. म्हणून पुढची उत्तरं मुख्यतः ब्लूमॅप धरून आहेत. डोमेन आणि होस्टिंगचा भाग तिघांनाही लागू आहे.

प्लगिन टाकला, सर्व्हर सुरू केला, तरी नकाशा येत नाही. का?

ब्लूमॅपच्या बाबतीत बहुतेक वेळा एकच कारण असतं. ब्लॉकचं रूप दाखवण्यासाठी त्याला माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगच्या सर्व्हरवरून खेळाच्या काही फाइल उतरवून घ्याव्या लागतात आणि त्यासाठी तुमची संमती लागते. कोअर नावाच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये डाउनलोड स्वीकारण्याची एक ओळ आहे. ती सुरुवातीला बंद असते. ती चालू करा, म्हणजे मोजांगच्या अटी मान्य केल्यासारखं होतं, आणि ब्लूमॅप रीलोड करा.

एवढं करूनही पान काळं दिसलं तर रेंडर अजून चालू असेल. दहा हजार बाय दहा हजार ब्लॉकची दुनिया म्हणजे 512 बाय 512 ब्लॉकच्या सुमारे 400 रीजन फाइल. लहान मशीनवर याला बराच वेळ लागतो. ब्लूमॅपची मूळ कमांड (/bluemap) दिली की काम कुठवर आलंय ते कळतं.

नवीन बांधलेलं नकाशावर लगेच का दिसत नाही?

नकाशा सर्व्हरच्या मेमरीतून काढला जात नाही, डिस्कवर जतन झालेल्या रीजन फाइलींवरून काढला जातो. खेळ आपोआप जतन करतो साधारण पाच मिनिटांनी, त्यानंतर ब्लूमॅपला बदल कळतो, मग तो तुकडा रांगेत लागतो. थोडा उशीर होणारच. खेळाडूंचे चेहरे मात्र लगोलग हलतात, कारण ती माहिती वेगळ्या वाटेने येते.

पोर्ट न लिहिता नुसत्या नावावर नकाशा कसा उघडायचा?

सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पोर्ट म्हणजे एकाच मशीनवरच्या वेगवेगळ्या सेवांचे क्रमांक. खेळ 25565 पोर्टवर चालतो. डायनमॅपचा पोर्ट 8123, ब्लूमॅपचा 8100, स्क्वेअरमॅपचा 8080. ब्राउझरमध्ये नुसतं नाव लिहिलं की तो 80 किंवा 443 या पोर्टवरच जातो, दुसरीकडे बघतही नाही. डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा. तिच्यातल्या ए रेकॉर्डमध्ये फक्त आयपी पत्ता लिहिता येतो, पोर्ट नाही.

"पण खेळासाठी आम्ही एसआरव्ही रेकॉर्ड टाकला, त्यात पोर्ट आहे की!" हो, आणि तो चालतो, कारण माइनक्राफ्ट तो रेकॉर्ड मुद्दाम वाचतो. ब्राउझर वाचत नाही. तेव्हा नकाशासाठी एसआरव्हीच्या वाटेला जाऊ नका.

योग्य मार्ग असा. मॅप नावाचं सबडोमेन करा आणि त्याचा ए रेकॉर्ड सर्व्हरच्या आयपीकडे वळवा. त्याच मशीनवर कॅडी किंवा इंजिनएक्स बसवा. हा वेबसर्व्हर 80 आणि 443 वर बसतो, आलेल्याला कोणतं नाव उघडायचंय ते बघतो आणि मॅप सबडोमेनसाठी आलेल्याला आतल्या 8100 वर नेऊन सोडतो. यालाच रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. खेळ आणि नकाशा एकाच आयपीवर सुखाने नांदतात, एकाच वाड्याला दोन दरवाजे असावेत तसे.

पहिल्यांदाच करत असाल तर कॅडी घ्या. सबडोमेनचं नाव आणि आतला पोर्ट, एवढंच त्याच्या फाइलमध्ये लिहायचं असतं. एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र तो स्वतः आणतो आणि वेळेवर नवं करतो.

हे जमलं की एक काम विसरू नका. ब्लूमॅपच्या वेबसर्व्हर फाइलमध्ये आयपी 0.0.0.0 असेल तर तो 127.0.0.1 करा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून उघडेल. नाहीतर आयपी आणि 8100 लिहून कोणीही प्रॉक्सीला वळसा घालून आत येऊ शकतो आणि तुम्ही लावलेला पासवर्ड कुचकामी ठरतो. डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरत असाल तर ब्लूमॅपचा पत्ता आहे तसाच राहू द्या आणि 8100 पोर्ट बाहेर उघडताना त्याच्या आधी 127.0.0.1 लिहा. डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू फायरवॉलला जुमानत नाहीत, त्यामुळे "फायरवॉलमध्ये तर बंद आहे" या भरवशावर राहू नका.

सबडोमेन न करता मुख्य साइटच्या आतल्या पानावर नकाशा ठेवता येईल का?

येतो. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ मात्र हवीच. ती नसेल तर नकाशाच्या फाइली चुकीच्या फोल्डरमधून मागितल्या जातात आणि पान अर्धवट उघडतं. माझ्या मते सबडोमेनच बरं. उद्या नकाशा दुसऱ्या मशीनवर हलवायचा झाला तर एक रेकॉर्ड बदलला की काम झालं.

तयार गेम होस्टिंगवर सर्व्हर आहे. तिथे कॅडी बसवता येत नाही. मग?

आधी पॅनेलमध्ये जादा पोर्ट मिळतो का बघा. मिळाला तर तोच आकडा ब्लूमॅपच्या वेबसर्व्हर फाइलमध्ये लिहा. 8100 तसाच ठेवलात तर नकाशा आतल्या आत चालत राहील, बाहेरून दिसणार नाही.

आता तो पोर्ट डोमेनमागे लपवायचा असेल तर प्रॉक्सी दुसरीकडे हवी. एखादं छोटं व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या, त्यावर कॅडी बसवा आणि ती गेम होस्टच्या आयपी-पोर्टकडे वळवा. व्हीपीएस मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं घेतलंत तर महाराष्ट्रातल्या लोकांना नकाशा चटकन उघडतो. खेळाडू अमेरिकेत किंवा आखातात असतील तर हिशोब वेगळा होईल.

क्लाउडफ्लेअरचा नारिंगी ढग चालू केला आणि सगळंच बंद पडलं.

क्लाउडफ्लेअर तुमच्या साइटपुढे मध्यस्थ म्हणून बसतं. नारिंगी ढग म्हणजे ही मध्यस्थी चालू, राखाडी म्हणजे बंद. यात तीन वेगवेगळ्या भानगडी असतात.

पहिली, ढग चालू असताना क्लाउडफ्लेअर ठरावीक पोर्टच पुढे पाठवतं. साध्या एचटीटीपीसाठी 80, 8080, 8880, 2052, 2082, 2086, 2095 आणि एचटीटीपीएससाठी 443, 2053, 2083, 2087, 2096, 8443. या यादीत 8100 नाही आणि 8123 ही नाही. म्हणजे डोमेनपुढे 8100 लिहून नकाशा उघडण्याची सवय असेल तर ती इथे संपते.

दुसरी, खेळाचं कनेक्शन वेबचं नसतं, त्यामुळे ते या ढगातून जात नाही. खेळाच्या सबडोमेनचा ढग राखाडी ठेवा, नकाशाचा नारिंगी चालेल. पण खेळाच्या रेकॉर्डमधून खरा आयपी उघडच राहतो, तेव्हा नारिंगी ढगामुळे मशीन लपलं असं समजू नका.

तिसरी, "खूप वेळा रीडायरेक्ट" असा संदेश. क्लाउडफ्लेअरमधली एनक्रिप्शनची पद्धत फ्लेक्सिबल असते, म्हणजे ते तुमच्याकडे साध्या एचटीटीपीने येतं, आणि तुमचा वेबसर्व्हर प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे ढकलतो, म्हणून दोघं एकमेकांकडे बोट दाखवत राहतात. फुल स्ट्रिक्ट निवडा.

सर्व्हर घरच्याच कॉम्प्युटरवर आहे. राउटरमध्ये पोर्ट उघडला तरी बाहेरून काही दिसत नाही.

राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी आणि "माझा आयपी" सांगणाऱ्या साइटवरचा आयपी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा 100.64 ते 100.127 यांच्यापैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे तुमच्या राउटरवर उघडलेला पोर्ट बाहेर पोचतच नाही. घरगुती ब्रॉडबँडवर हे सर्रास आढळतं.

उपाय दोन. कंपनीकडे स्थिर आयपी मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात. किंवा नकाशापुरतं क्लाउडफ्लेअर टनेल वापरा. तुमचं मशीन आतून बाहेर जोडणी करतं, पोर्ट उघडावा लागत नाही, प्रमाणपत्राची कटकट नाही. खेळ मात्र या टनेलमधून साध्या खेळाडूला जोडता येत नाही, कारण प्रत्येकाला आपल्या मशीनवर त्यांचा प्रोग्रॅम चालवावा लागेल. खेळासाठी वेगळी सोय बघावीच लागेल.

एचटीटीपीएस खरंच लागतं का? नुसता नकाशाच तर आहे.

लागतं. ब्राउझर "असुरक्षित" म्हणून इशारा देतो आणि पालक ते बघून मुलांना साइट बंद करायला सांगतात. तुमची मुख्य साइट एचटीटीपीएसवर असेल आणि तिच्या चौकटीत नकाशा बसवायचा असेल, तर एचटीटीपीवरचा नकाशा ब्राउझर तिथे उघडूच देत नाही. आणि नकाशाला पासवर्ड लावणार असाल तर एचटीटीपीवर तो कोणालाही वाचता येतो.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. साध्या पद्धतीत ते 80 पोर्टवर येऊन तपासणी करतात, म्हणून "आम्ही तर 443 वरच आहोत" असं म्हणून 80 बंद करू नका. त्याची मुदत 90 दिवसांची असते, त्याआधी ते नवं करावं लागतं. सर्टबॉट (प्रमाणपत्र आणणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर हे आपोआप होतंय ना, एवढी खात्री एकदा करून घ्या.

मार्करवर मराठी नावं लिहिता येतात का?

मार्कर म्हणजे नकाशावरच्या खुणा. मराठी नावं येतात, आणि जरूर लिहा. नकाशावर "गेट 1", "लेक 2" असं लिहिलं तर तो कुठल्याही सर्व्हरचा नकाशा वाटतो. महादरवाजा, गंगासागर तलाव, हत्ती तलाव, बाजारपेठ, होळीचा माळ, जगदीश्वर, टकमक टोक, हिरकणी बुरूज अशी नावं दिसली की गड पाहिलेला माणूस पुढची जागा स्वतःच शोधू लागतो.

ब्लूमॅपमध्ये प्रत्येक नकाशाची वेगळी कॉन्फिगरेशन फाइल असते आणि तिच्या शेवटी मार्कर संच लिहायचे असतात. साध्या ठिकाणासाठी तीन गोष्टी लागतात: प्रकार, नाव आणि एक्स-वाय-झेड. हवा असेल तर तपशीलही देता येतो. तपशिलात एचटीएमएल चालतं, म्हणजे बांधणाऱ्याचं खेळातलं नाव किंवा छोटं चित्रही देता येतं. रेषा, सपाट क्षेत्र आणि उंची दिलेलं क्षेत्र असेही प्रकार आहेत. पायऱ्यांच्या वाटेसाठी रेषा उत्तम. बालेकिल्ल्यासाठी उंचीचं क्षेत्र वापरा, कोपऱ्यांचे एक्स-झेड आणि खालची-वरची पातळी दिली की त्याभोवती पारदर्शक पेटी उभी राहते.

स्वतःचं चिन्ह वापरताना अँकर नीट द्या. 24 रुंद आणि 32 उंच पिक्सेलची पताका असेल आणि तिच्या तळाचा मध्य जमिनीला टेकवायचा असेल तर अँकर 12, 32. नाहीतर झूम बदलला की पताका सरकल्यासारखी दिसते. लहान ठिकाणांना कमाल अंतर ठरवून द्या, म्हणजे लांबून बघताना सगळी नावं एकमेकांवर चढत नाहीत.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

फाइल यूटीएफ-8 (देवनागरीसह सगळ्या लिप्या चालणारं एन्कोडिंग) मध्ये जतन झालेली नाही. एडिटरमध्ये एन्कोडिंग बदलून पुन्हा जतन करा. विंडोजवर जुनी जावा असेल तर तेही कारण असू शकतं. जावा 18 पासून यूटीएफ-8 हेच मूळ एन्कोडिंग आहे, आणि माइनक्राफ्ट 1.20.5 पासून पुढे किमान जावा 21 लागतेच, त्यामुळे नव्या सर्व्हरवर हा त्रास सहसा होत नाही.

पानाचं रूप आणि अक्षरं बदलायची आहेत.

ब्लूमॅपच्या वेबअ‍ॅप फाइलमध्ये स्वतःची स्टाइल आणि स्क्रिप्ट जोडायला जागा दिलेली आहे. तुमची सीएसएस फाइल वेब फोल्डरमध्ये ठेवा आणि तिचं नाव तिथे लिहा. अक्षरांसाठी फॉन्ट बनवणाऱ्या मुंबईच्या "एक टाइप" संस्थेचे "मुक्त" आणि "बालू" हे फॉन्ट बघा. दोन्ही मोफत आहेत, देवनागरी लहान आकारातही स्वच्छ वाचता येते. मार्करसाठी मला "मुक्त" आवडतो.

मेनूही मराठीत करता येतो. वेब फोल्डरमधल्या भाषांच्या फोल्डरात इंग्रजी फाइलची प्रत करा, त्यातली वाक्यं मराठीत लिहा आणि भाषांच्या यादीत तिची नोंद करा. मूळ फाइलींमध्ये हात घालताना एक लक्षात ठेवा: प्लगिन अद्ययावत झाला की वेब फोल्डरमधल्या त्याच्या स्वतःच्या फाइली तो पुन्हा लिहितो. तुमच्या बदलांची प्रत बाहेर ठेवा. डायनमॅपमध्ये वेब फाइली अद्ययावत करणं बंद करायची ओळ आहे, आणि बदल लिहायला ओव्हरराइड नावाची वेगळी सीएसएस फाइलही.

आमचं भुयार आणि पाण्याचं टाकं नकाशावर अर्धवट दिसतं. फाइल बिघडली का?

नाही. ब्लूमॅप डिस्क वाचवण्यासाठी एका पातळीखालच्या गुहा गाळतो. मूळ पातळी 55 असते. तिच्याखाली जिथे आकाशाचा उजेड पोचत नाही ते चितारलंच जात नाही. नैसर्गिक गुहांसाठी हे योग्य आहे, पण तुम्ही कष्टाने खोदलेलं टाकंही त्यात जातं. पातळी खाली आणा आणि तो नकाशा पुन्हा रेंडर करा. सगळ्या दुनियेसाठी पातळी खाली आणली तर आकार फुगतो, म्हणून बांधकामापुरता वेगळा नकाशा करून त्याला सीमा घालणं जास्त चांगलं.

जाता जाता उंचीबद्दल. आवृत्ती 1.18 पासून दुनिया उणे 64 पासून 320 पर्यंत, म्हणजे 384 ब्लॉक उंच आहे. रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे 820 मीटर. एका ब्लॉकला एक मीटर धरून पूर्ण डोंगर त्यात बसत नाही. आम्ही पायथा कापून वरचाच भाग घेतला आहे.

खेळाडू कुठे आहेत हे सगळ्या जगाला दिसावं का?

माझं स्पष्ट मत: मुलं खेळत असतील तर नको. नकाशा उघडा असेल तर कोण रोज किती वाजता येतं आणि कोणाबरोबर असतं, हे कोणताही अनोळखी माणूस न खेळता बघू शकतो. खेळाडूंचे चेहरे पूर्ण बंद करता येतात. तसं नको असेल तर वाकून चालणाऱ्यांना, अदृश्य असलेल्यांना किंवा आकाशाच्या उजेडापासून दूर, जमिनीखाली असलेल्यांना लपवण्याची सोय प्लगिनच्या फाइलमध्ये आहे. लढाईच्या सर्व्हरवर शेवटचा पर्याय चालू ठेवाच, नाहीतर लपवलेला तळ एका संध्याकाळीत उघडा पडतो.

खाजगी सर्व्हर असेल तर प्रॉक्सीवर पासवर्ड लावा. डायनमॅपवर वेबवरून गप्पा मारण्याची खिडकी असते. लक्ष ठेवायला कोणी नसेल तर ती बंद करा.

नकाशा फार हळू उघडतो.

ब्लूमॅपचे जवळून दिसणारे तुकडे क्लाउडफ्लेअर आपणहून साठवून ठेवत नाही, कारण तो फाइलचा प्रकार बघून ठरवतो आणि हा प्रकार त्याच्या यादीत नाही. नकाशांच्या फोल्डरसाठी साठवणीचा नियम स्वतः लिहा. त्यातून लाइव्ह फोल्डर वगळा, नाहीतर खेळाडू तासभर जागच्या जागी उभे दिसतील.

सर्व्हर बंद करणार आहोत. नकाशा तेवढा ठेवता येईल का?

नक्की ठेवा. लोकांनी वर्षानुवर्षं बांधलेलं असतं आणि पुढे तेवढंच बघायला उरतं. रेंडर झालेला वेब फोल्डर साध्या फाइलींचा आहे, त्याला खेळाचा सर्व्हर चालू असावा लागत नाही.

अडचण फाइलींच्या संख्येची येते. जवळून दिसणारा प्रत्येक तुकडा 32 बाय 32 ब्लॉकचा. दहा हजार बाय दहा हजारच्या दुनियेला असे जवळजवळ 98,000 तुकडे लागतात. क्लाउडफ्लेअर पेजेसच्या मोफत योजनेत एका साइटला 20,000 फाइलींची मर्यादा आहे, आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवरही फाइलींच्या संख्येवर बंधन असतं. त्यामुळे आधी नकाशाला सीमा घालून फक्त बांधकामाचा भाग ठेवा. फक्त ओलांडून गेलेले, कोणी फारसे न थांबलेले चंक वगळण्याचीही सोय आहे. तरीही फाइली जास्त झाल्या तर छोटं व्हीपीएस घ्या.

तुकडे आधीच दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेले असतात, तेव्हा वेबसर्व्हरला तसं सांगावं लागतं, नाहीतर ब्राउझरला ते वाचता येत नाहीत. इंजिनएक्ससाठीची तयार मांडणी ब्लूमॅपच्या विकीवर आहे, ती जशीच्या तशी वापरा.

डोमेनचं नाव घेताना काय बघावं?

नावात "माइनक्राफ्ट" हा शब्द ठळकपणे घेऊ नका, मोजांगचे नियम त्याला परवानगी देत नाहीत. साइटवर ही अधिकृत सेवा नाही आणि मोजांग किंवा मायक्रोसॉफ्टशी तिचा संबंध नाही, अशी ओळही टाका. देवनागरीत नाव हवं असेल तर डॉट भारत 2014 पासून उपलब्ध आहे. ब्राउझर ते नीट उघडतो, पण कॅडी किंवा इंजिनएक्सच्या फाइलमध्ये त्याचं प्युनीकोड, म्हणजे इंग्रजी अक्षरांतलं, रूप लिहिणं सुरक्षित.

पहिल्या वर्षाचा भाव बघून हुरळून जाऊ नका, नूतनीकरणाचा भाव बघा. आणि डोमेन ज्याच्या खात्यावर आहे तो दहावी-बारावीच्या वर्षात गायब होणारा गडी नसावा. खात्याचा ईमेल गटातल्या दोघांकडे तरी असू द्या.